नव्या बस आधी की फेऱ्या आधी? बेस्टचा पैसा नेमका कुठे लागावा

मेघना_विक्रोळी

बेस्टच्या ताफ्यात आता किती गाड्या उरल्या, याची बातमी दर दोन-तीन महिन्यांनी येतेच. २०१० च्या आसपास चार हजारांच्या वर असलेला ताफा २०२४ च्या अखेरीला तीन हजारांच्या आसपास आला होता. त्यातही स्वतःच्या मालकीच्या गाड्या जेमतेम हजारभर, बाकी सगळ्या कंत्राटदारांच्या, म्हणजे वेट लीजवरच्या. बातमी वाचून आपण हळहळतो आणि लगेच म्हणतो, नव्या बस आणा.

माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. पैसा मर्यादित आहे हे धरून चालू. तो पहिल्यांदा कशावर लावायचा? नव्या गाड्यांवर, जुन्या गाड्या नीट राखण्यावर, की आहेत त्या फेऱ्या काही झालं तरी न तोडण्यावर?

माझं मत स्पष्ट आहे: फेऱ्यांवर. दर दहा मिनिटांनी येणाऱ्या जुन्या गाडीत लोक बसतात. चाळीस मिनिटांनी येणाऱ्या कोऱ्या एसी गाडीसाठी कुणी थांबत नाही, चौथा माणूस मिळाला की शेअर रिक्षा निघते. एकदा पायाला ती सवय लागली की माणूस बसकडे परत फिरत नाही. मग उत्पन्न घटतं आणि उत्पन्न घटलं म्हणून आणखी फेऱ्या जातात.

भाड्याचा प्रयोग आपण करून पाहिला आहे. ९ जुलै २०१९ पासून किमान भाडं ८ रुपयांवरून ५ वर आणलं, एसीचं ६ केलं आणि प्रवासी खरोखर वाढले. वाढलेल्या प्रवाशांसाठी गाड्या मात्र वाढल्या नाहीत. ९ मे २०२५ ला ते भाडं दुप्पट झालं, साध्या गाडीला १० आणि एसीला १२. आता गर्दीही तीच, थांब्यावरचं ताटकळणंही तेच आणि तिकीट दुप्पट.

परिवहनात काम केलेले कुणी इथे असतील तर त्यांनी आवर्जून लिहावं.

दादरकर_बाबू

+१. फेऱ्या आधी. बाकी सगळं नंतर.

कार्यशाळेतला_माणूस

मेघनाताई, तुमची तळमळ कळते, पण मी असहमत आहे. माझी हयात सार्वजनिक बसच्या कार्यशाळेत गेली, त्यामुळे गाडीच्या खालून जे दिसतं ते सांगतो.

फेरी हवेत चालत नाही, गाडीवर चालते. शहरातल्या बसचं आयुष्य १५ वर्षं धरतात. १ एप्रिल २०२३ पासून तर केंद्राच्या नियमाने सरकारी, पालिकेच्या आणि परिवहन महामंडळांच्या १५ वर्षांवरच्या वाहनांची नोंदणीच रद्द होते, त्यामुळे "अजून दोन वर्षं ओढू" म्हणायचीही सोय उरली नाही. आता हिशेब करा. २०१९ मध्ये कामगार संघटनेशी करार झाला, त्यात बेस्टने स्वतःच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा राखायचं कबूल केलं होतं. तेवढा ताफा कायम ठेवायचा तर दरवर्षी साधारण २२० गाड्या घ्याव्याच लागतात. गाड्या वाढवायला नव्हे बरं, नुसतं आहे तिथे उभं राहायला. एक वर्ष खरेदी चुकली की पुढच्या वर्षी ४४० लागतात. पाच वर्षं चुकली की आकडा अकराशेवर जातो, मग कुठल्याही अंदाजपत्रकात तो बसत नाही आणि तो विषयच बाजूला पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खरेदीचा ठोक. २००९ च्या सुमारास केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून शेकड्यांनी गाड्या एकाच वेळी आल्या. आनंद झाला. पण एकदम आलेल्या गाड्या एकदमच म्हाताऱ्या होतात आणि एकदमच जातात. २०२३ ते २०२५ या काळात ताफा धाडकन खाली आला, त्याचं मूळ तिथे आहे. त्या पंधरा वर्षांत दरवर्षी थोडी थोडी भरती झाली असती तर तो खड्डा पडलाच नसता.

आता जुन्या गाडीचं. बारा वर्षांची गाडी रस्त्यावर धावते, पण ती दुप्पट वेळ खड्ड्यावर उभी असते. गिअरबॉक्स, क्लच, स्प्रिंगची पानं, रेडिएटर. सुटा भाग वेळेत आला नाही की एका गाडीचा काढून दुसरीला लावायचा, म्हणजे एक गाडी धावते आणि एक कायमची बसते. ताफा जुना झाला की स्पेअर जास्त ठेवावा लागतो. म्हणून म्हणतो, फेऱ्या वाचवायच्या असतील तर आधी गाड्या घ्या.

चुनाभट्टी_एक्सप्रेस

काका, खड्डा म्हणजे गाडीखाली उतरून काम करतात तोच ना? आणि "स्पेअर जास्त ठेवावा लागतो" म्हणजे सुटे भाग की गाड्या?

कार्यशाळेतला_माणूस

हो, खड्डा तोच. आणि इथे स्पेअर म्हणजे अख्खी गाडी. डेपोत शंभर गाड्या असतील तर शंभरच्या शंभर कधीच सुटत नाहीत. काही सर्व्हिसिंगला, काही फिटनेसच्या पासिंगसाठी आरटीओकडे, काही मोठ्या कामाला कार्यशाळेत. ताफा नवा असेल तर थोड्या राखीव गाड्यांवर भागतं. जुना असेल तर बाहेर पडणाऱ्या गाड्यांचा आकडा रोज सकाळी बदलतो. ताफ्याची संख्या ही कागदावरची गोष्ट झाली. सकाळी किती गाड्या डेपोच्या गेटबाहेर पडल्या, खरा आकडा तो.

सुनंदा_पाठक

लांबलचक चर्चेत एका सामान्य बाईचं म्हणणं. मी रुग्णालयात परिचारिका आहे. सकाळची पाळी सातला सुरू होते, रात्रपाळी संपवून निघतानाही पहाटच असते. आमच्यासाठी गर्दीच्या वेळेची बस हा विषयच नाही. आम्हाला पहिली बस आणि शेवटची बस हवी. घरकामाला जाणाऱ्या बायका, सफाई कामगार, सुरक्षारक्षक, हॉटेलातली मुलं, सगळी याच वेळांना रस्त्यावर असतात. यांच्यातल्या कुणालाही ही चर्चा लिहायला वेळ नाही.

फेऱ्या कमी करायची वेळ आली की पहिला घाव दुपारच्या आणि रात्रीच्या फेऱ्यांवर पडतो, कारण त्यांत माणसं कमी दिसतात. पण रात्री साडेदहाची फेरी गेली की ती बाई संध्याकाळची नोकरीच धरत नाही. मग तिची सकाळची खेपही गेली. ती रिकामी दिसणारी फेरी सकाळच्या भरलेल्या फेरीला प्रवासी आणून देत होती, हे कुठल्या तक्त्यात दिसतं?

वेळापत्रक_विभाग

सुनंदाताईंनी नेमकं दाखवलं. मी एका शहराच्या परिवहन सेवेत वेळापत्रकं आखण्याचं काम केलं आहे. त्यात थोडी भर घालतो.

दुपारची फेरी तोडून फारसं वाचत नाही. गाड्या किती लागतात हे सकाळ-संध्याकाळच्या गर्दीवर ठरतं. ड्रायव्हर-कंडक्टर किती लागतात तेही बहुतांशी त्यावरच. म्हणजे गाडीचं भांडवल, विमा, डेपोची जागा, माणसांचा पगार हे सगळं आधीच खर्च झालेलं असतं. दुपारी गाडी डेपोत उभी केली तर वाचतं फक्त इंधन आणि थोडी झीज. उलट गाडी डेपोत परत न्यायची आणि चारला पुन्हा आणायची, यात प्रवाशाविना जाणारे किलोमीटर वाढतात. माणसाला स्प्लिट ड्युटी लागते, म्हणजे सकाळी चार-पाच तास, मग मोकळा वेळ, मग पुन्हा संध्याकाळी. विरारला किंवा बदलापूरला राहणारा माणूस मधल्या वेळेत घरी जाऊन येऊ शकत नाही.

फेऱ्या कापून खरी बचत तेव्हाच होते जेव्हा गर्दीच्या वेळेच्याच फेऱ्या कापता. त्या कापल्या की लोक ओरडतात. म्हणून सगळीकडे दुपारच्या जातात, बचत दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कात्री.

मास्तर_गणितवाले

सगळे गाडी घ्या, फेरी ठेवा म्हणताहेत. वेगाबद्दल कुणीच बोललं नाही.

समजा एका मार्गावर जाऊन-येऊन ९० मिनिटं लागतात. दर दहा मिनिटांना गाडी द्यायची तर ९ गाड्या पुरतात. रस्ता खोदला, दुतर्फा गाड्या उभ्या राहिल्या, सिग्नल वाढले, आणि तीच खेप १२० मिनिटांची झाली. आता दहा मिनिटांची वारंवारिता राखायला १२ गाड्या हव्यात. तीन गाड्या जास्त, सहा पाळ्यांची माणसं जास्त, आणि प्रवाशाला मिळालं काय? होतं तेवढंच, तेही हळू. गाड्या वाढवल्या नाहीत तर त्याच ९ गाड्यांत अंतर तेरा मिनिटांच्या वर जातं. फेरी कुणी कापली नाही, आदेश निघाला नाही, तरी सेवा तुटली.

लालबहादूर शास्त्री मार्गावर, साकीनाक्याला, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर संध्याकाळी उभं राहून बघा. बसला स्वतंत्र मार्गिका देणं ही बेस्टसाठी सर्वांत स्वस्त बसखरेदी आहे. रंग, दुभाजक आणि वाहतूक पोलिसांची इच्छाशक्ती, एवढंच लागतं. वांद्रे-कुर्ला संकुलात मार्गिका आखून पाहिली होती. तो विषय तिथेच का थांबावा?

चुनाभट्टी_एक्सप्रेस

मास्तर, शाळेत अशी गणितं घातली असती तर मी पहिला आलो असतो! आम्हाला हौदाचे नळ दिले, एक भरणारा आणि एक गळणारा.

मास्तर_गणितवाले

हौद तोच आहे रे, गळणारा नळ आता ट्रॅफिकमध्ये आहे.

अमेय_ठाणे

मी थोडं विरोधी लिहितो, रागावू नका. वेट लीज म्हटलं की इथे सगळे नाक मुरडतात. पण कंत्राटदारांच्या गाड्या आल्या नसत्या तर आज रस्त्यावर किती बस असत्या? बेस्टकडे गाडी घ्यायला पैसे नव्हते. कंत्राटदाराने गाडी आणली, चालक आणला, दुरुस्ती त्याची. बेस्टने किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा आणि तिकिटाचे पैसे स्वतः घ्यायचे. एकरकमी भांडवल नको. शिवाय स्वतःची गाडी चालवण्याचा किलोमीटरमागचा खर्च कंत्राटी गाडीपेक्षा बराच जास्त पडतो, हे अंदाजपत्रक वाचणाऱ्या कुणालाही दिसेल. एसी, खालच्या पायरीच्या, विजेवरच्या गाड्या मुंबईला मिळाल्या त्या याच वाटेने. माझे वडील गुडघ्यांमुळे जुन्या गाडीच्या तीन पायऱ्या चढूच शकत नव्हते. आता ते एकटे बाजारात जातात. याची किंमत कशी करायची?

कुर्ला_पश्चिम

अमेय, वडिलांचं वाचून खरंच बरं वाटलं. खालच्या पायरीबद्दल तुमच्याशी वाद नाही.

पण दर कमी पडतो तो कशामुळे, हेही बघू या. पगारामुळे. माझा आतेभाऊ एका कंत्राटदाराकडे चालक होता. कंपनीचं नाव घेत नाही. काम तेच, रस्ता तोच, शेजारच्या गाडीतल्या कायम चालकाच्या निम्म्याहूनही कमी पगार, आणि तोही दर महिन्याला वेळेवर नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी आठवडाभर काम बंद ठेवलं, तेव्हा शहराला पहिल्यांदा कळलं की आपल्या निम्म्याहून जास्त बस ज्यांच्या हातात आहेत ती माणसं कोण आहेत. त्याआधी त्याच वर्षी फेब्रुवारीत गाड्यांना आगी लागण्याचे प्रकार झाले आणि कंत्राटदाराच्या सुमारे ४०० सीएनजी गाड्या काही काळ बाजूला काढाव्या लागल्या. काही कंत्राटदार तर मुदत संपायच्या आत सोडून गेले. हे झालं की एका दिवसात मार्गच्या मार्ग उघडे पडतात, कारण भरून काढायला स्वतःच्या गाड्याच उरलेल्या नाहीत.

आणि ९ डिसेंबर २०२४ ची रात्र. ३३२ क्रमांकाची इलेक्ट्रिक बस आमच्या एस. जी. बर्वे मार्गावर गर्दीत घुसली. अनेक जीव गेले. मी त्याच रस्त्याने रोज स्टेशनला जातो, त्यामुळे यावर फार लिहवत नाही. बारा मीटरची विजेवरची गाडी हातात देण्याआधी चालकाला किती प्रशिक्षण दिलं होतं, हा प्रश्न त्यानंतर सगळ्या शहराने विचारला. प्रशिक्षण हासुद्धा गुंतवणुकीचाच भाग आहे. तो किलोमीटरच्या दरात धरला जातो का?

अमेय_ठाणे

हा मुद्दा मान्य. माझं म्हणणं एवढंच की दोष पद्धतीचा कमी आणि करार कसा लिहिला याचा जास्त. कमीत कमी दर बोलणाऱ्याला काम द्यायचं आणि बिलं थकवायची, मग तो बचत करणार दुरुस्तीत आणि पगारात. चालकाच्या वेतनाची आणि प्रशिक्षणाची अट करारातच घाला, तपासणी करा, पैसे वेळेवर द्या. मग बघा.

कार्यशाळेतला_माणूस

करार कितीही चांगला लिहिला तरी आपल्या हाताशी काही गाड्या आपल्या लागतातच. कंत्राटदार गेला तर गाड्या घेऊन जातो. कार्यशाळेतला अनुभवी फिटर एकदा निवृत्त झाला आणि त्याच्या हाताखाली कुणी तयार झालं नाही, तर ते कसब परत विकत मिळत नाही.

रोहिणी_गिरगाव

अवांतर: डबल डेकरच्या वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट! १९३७ पासून मुंबईत डबल डेकर होती. डिझेलवरची शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला निघाली. त्या दिवशी लोकांनी हार घातले, फोटो काढले. मीही गेले होते, मुलाला घेऊन.

दादरकर_बाबू

रोहिणीताई, त्या पुढच्या सीटवरून माझं एका मुलीशी कडाक्याचं भांडण झालं होतं. आता पंचवीस वर्षं संसार चालू आहे आणि खिडकीची सीट अजून तिलाच मिळते.

रोहिणी_गिरगाव

बाबू, वहिनींना नमस्कार सांगा! सीट त्यांचीच आहे.

मूळ विषयावर येते. आमच्या शहर भागात बेस्ट वीजही देते, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. पूर्वी विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून निघायची. २००३ चा वीज कायदा आला, नियामक आयोग आला, आणि विजेच्या ग्राहकाने बसचा तोटा का भरावा हा प्रश्न उभा राहिला. काही वर्षं तर आमच्या वीजबिलात परिवहन तुटीपोटी वेगळा आकार होता, मग तोही बंद झाला. ग्राहक म्हणून बिल हलकं झालं, पण बससाठी जो एक खात्रीचा झरा होता तो आटला. त्याच्या जागी दुसरं काय आणायचं, हे कुणी ठरवलंच नाही. माझ्या मते सगळी घसरण तिथून सुरू होते. गाड्या जुन्या होणं हे नंतरचं.

वेळापत्रक_विभाग

रोहिणीताई, अगदी बरोबर. आज दुसरा झरा म्हणजे महापालिका. २०२५-२६ च्या पालिका अंदाजपत्रकाचा आकार ७४,४२७ कोटींचा आणि त्यात बेस्टला १,००० कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले सव्वा रुपयाच्या थोडे वर. लाखो माणसं रोज जी सेवा वापरतात तिच्यासाठी. सागरी किनारा रस्त्याला १३ हजार कोटींच्या वर गेले, तिथे कुणी तुटीचा शब्द काढत नाही. रस्त्याला गुंतवणूक म्हणतात आणि बसला अनुदान. मला हे मनापासून खटकतं.

रकमेपेक्षाही मोठी अडचण अशी की ती रक्कम दरवर्षी नव्याने ठरते. पुढच्या वर्षी किती येतील हे माहीत नसेल तर काकांनी सांगितलेली दरवर्षीची २२० गाड्यांची खरेदी कोण मंजूर करणार? मग येतील ते पैसे पगार, थकलेली देणी, निवृत्त कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी यांतच जिरतात. तीही द्यायलाच हवीत, माणसांनी आयुष्य दिलं आहे.

तांबडी_गाडी_देवरूख

मुंबईत नोकरी, गाव संगमेश्वर तालुक्यात, म्हणून एसटीचं सांगतो. मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला, त्याआधी ७५ वर्षांवरच्यांना मोफत. राज्य सरकार त्या सवलतीची भरपाई महामंडळाला देतं. गावच्या स्टँडवर फरक डोळ्यांनी दिसतो. बायका तालुक्याला, दवाखान्यात, माहेरी एकट्या जातात. तोट्याचं कारण सांगून माणसं तोडण्यापेक्षा माणसं वाढवून पैसे सरकारकडून मागणं जमू शकतं, याचं हे उदाहरण.

पण गाड्यांची दुखणी तीच. २०२१-२२ चा संप पाच-सहा महिने चालला, त्या काळात गाड्या उभ्या राहून गंजल्या आणि खरेदी मागे पडली. आमच्याकडे घराची कौलं दरवर्षी पावसाआधी परतावी लागतात. दोन-तीन वर्षं टाळलं की वासे कुजतात, मग कौलांचा खर्च राहतो बाजूला आणि अख्खं छप्पर उतरवावं लागतं. बसताफ्याचं अगदी तसंच चाललं आहे. एसटीकडे दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या स्वतःच्या कार्यशाळा आहेत, तिथे गाडी बांधणारे कारागीर आहेत. ते बळ सोडू नये असं मला वाटतं.

निखिल_अंधेरी

सगळं ठीक, पण मेट्रोचं काय? मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, २अ आणि ७ आधीच धावताहेत. लांब पल्ल्याच्या बस आता हव्यातच कशाला? छोट्या मिडी गाड्या घ्या, मेट्रो आणि लोकल स्टेशनांना जोडा. कमी गाड्यांत जास्त फेऱ्या होतील. मेघनाताईंनाही हवं ते मिळेल आणि काकांनाही.

सुनंदा_पाठक

निखिल, स्टेशनला जोडणाऱ्या बस हव्यातच. पण लांब बस बंद करा म्हणताना मेट्रोचं तिकीट बघा, जिने बघा. दोन पिशव्या, एक मूल आणि तीन वेळा वाहन बदलणं कुणाला परवडतं? मानखुर्दहून किंवा गोवंडीहून निघणाऱ्या माणसाला एकाच तिकिटात शेवटपर्यंत नेणारी बस हाच आधार आहे. रिक्षाचं किमान भाडं २६ झालं आहे, बसचं १०. ज्यांच्या घरात हा १६ रुपयांचा फरक रोज दोनदा मोजला जातो, त्यांच्या बाजूने बघा.

निखिल_अंधेरी

पटलं बऱ्याच अंशी. मग असं म्हणतो: मेट्रोला समांतर जिथे खरंच गर्दी हलली आहे तिथल्या गाड्या काढून पूर्व-पश्चिम मार्गांवर लावा. लोकल उत्तर-दक्षिण धावते, आडवं जायला अजूनही बसच आहे.

मास्तर_गणितवाले

आडव्या मार्गांचा मुद्दा लाखमोलाचा. घाटकोपर-अंधेरी मेट्रो २०१४ पासून भरभरून वाहते, यातच सगळं आलं.

विजेचा_खांब

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल थोडं, कारण सगळे "नव्या गाड्या" म्हणतात पण आता नवी म्हणजे विजेवरचीच. मी या क्षेत्रात काम करतो.

२०२२ मध्ये बेस्टने २,१०० एकमजली इलेक्ट्रिक गाड्यांची मागणी नोंदवली. दुमजली वेगळ्या, त्या ९०० यायच्या होत्या. पहिली दुमजली फेब्रुवारी २०२३ मध्ये धावली आणि पुढे पन्नासच्या आसपासच थांबल्या. एकमजलींचा पुरवठाही ठरल्यापेक्षा फार मागे पडला. दरम्यान जुन्या गाड्या मात्र तारखेला निघत राहिल्या. जाणाऱ्यांचं वेळापत्रक पक्कं, येणाऱ्यांचं कच्चं. ताफ्यातला खड्डा यातूनही पडला.

शिवाय गाडी आली म्हणजे ती लगेच धावते असं नाही. डेपोला उच्च दाबाची वीजजोडणी लागते, उपकेंद्र लागतं, चार्जर लागतात, आणि चार्जरशेजारी गाडी उभी करायला डिझेल गाडीपेक्षा जास्त जागा लागते. डिझेल गाडी काही मिनिटांत भरून निघते. विजेची गाडी रात्री तासन्‌तास उभी असते आणि दुपारी पुन्हा भरावी लागते. म्हणजे सुनंदाताईंची पहाटेची फेरी आणि रात्रीची चार्जिंगची वेळ यांची जुळवाजुळव आधीच करावी लागते, नाहीतर रात्रीच्या फेऱ्यांवर पुन्हा गदा. बेस्टचे डेपो शहराच्या मोक्याच्या जागी आहेत. बिल्डरांची नजर त्यांच्यावर कधीपासून आहे, आणि काहींचा विकास होऊनही गेला आहे. माझं कळकळीचं सांगणं आहे, डेपोची एक इंचही जागा आता सोडू नये. गाड्या उद्या मिळतील, मुंबईत जमीन मिळणार नाही.

कार्यशाळेतला_माणूस

जमिनीबद्दलच्या या वाक्याखाली माझी सही.

दादरकर_बाबू

माझी पण. आणि आमच्या हिची पण.

मेघना_विक्रोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

काकांचं दरवर्षीच्या २२० गाड्यांचं गणित आणि खांबसाहेबांचं डेपोचं सांगणं पूर्ण पटलं. तरीही फेऱ्यांना पहिला मान, या माझ्या मतावर मी आहे. कारण असं: गाड्या किती घेतल्या हे उद्घाटनाला फीत कापून दाखवता येतं. फेऱ्या किती धावल्या याचं उद्घाटन होत नाही, म्हणून त्याची चौकशीही होत नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यांच्याबरोबर बेस्ट समितीही गेली, आणि त्यानंतर बराच काळ प्रशासकांच्या हाती कारभार होता. म्हणजे आपल्या थांब्यावरची फेरी का गेली, हे सभागृहात उभं राहून विचारणारंही कुणी नव्हतं. फेऱ्यांचा आकडा दर महिन्याला डेपोनिहाय लोकांसमोर आला, तर गाड्या, दुरुस्ती, चालक, वाहतूक कोंडी, कुठे काय कमी पडतं ते आपोआप उघडं पडेल. मग पैसा कुठे लावायचा यावर अंदाजाने भांडावं लागणार नाही.

मी माहिती अधिकारात अर्ज करते आहे. प्रत्येक डेपोच्या वेळापत्रकात ठरलेल्या फेऱ्या किती आणि प्रत्यक्ष धावलेल्या किती, महिन्यागणिक. आणखी काय विचारावं?

वेळापत्रक_विभाग

फेऱ्यांबरोबर किलोमीटर विचारा, ठरलेले आणि धावलेले. अर्ध्यात परत फिरवलेली फेरी कागदावर फेरी म्हणूनच मोजली जाऊ शकते, किलोमीटरमध्ये ती पकडली जाते. आणि रद्द झालेल्या फेऱ्यांची कारणवार विभागणी मागा: गाडी नाही, चालक नाही, रस्त्यात बिघाड, वाहतूक कोंडी. स्वतःच्या आणि कंत्राटी गाड्यांचे आकडे वेगळे मागा.

कार्यशाळेतला_माणूस

सकाळी आठ वाजता गेटबाहेर पडलेल्या गाड्यांची संख्या विचारा. आणि दर दहा हजार किलोमीटरमागे रस्त्यात बंद पडण्याचं प्रमाण.

सुनंदा_पाठक

मेघना, पहिली आणि शेवटची बस प्रत्येक मार्गावर किती वाजता आहे, आणि पाच वर्षांपूर्वी किती वाजता होती, हे माझ्या वतीने विचारशील का?

कुर्ला_पश्चिम

कंत्राटी चालकांच्या प्रशिक्षणाचे दिवस किती, तेही. एकाच अर्जात फार प्रश्न भरू नका, तोडून तीन अर्ज करा. प्रत्येकावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. एक मी माझ्या नावाने टाकतो, प्रशिक्षणाचा.

निखिल_अंधेरी

पूर्व-पश्चिम मार्गांचा माझ्याकडे द्या. उत्तरं आली की याच धाग्यावर टाकतो.

मेघना_विक्रोळी

ठरलं. फेऱ्या आणि किलोमीटर माझ्याकडे, सुनंदाताईंचा पहिल्या-शेवटच्या बसचा प्रश्नही त्यातच घेते. मसुदा उद्या रात्री इथे टाकते, काकांनी तांत्रिक शब्द तपासून द्यावेत.